हिवरखेडचा काटा आणि फुकटचं सॉफ्टवेअर

एकतीस वर्षांच्या नोकरीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मॅडम, प्रिंटर काहून चालून नाही राहिला?" माझ्या पदाचं नाव मात्र भारदस्त होतं: संगणक विभाग प्रमुख. विभागात मी, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि त्यावर टाकायला फुलाफुलांचं एक कापड. एवढ्या विभागाचं प्रमुख होणं फारसं अवघड नव्हतं. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, काय काय केलंत? मी सांगते, कापसाच्या रांगेला नंबर दिले. मग कोणी पुढे विचारत नाही. या अंकाच्या संपादकबाईंनी विचारलं, म्हणून हा उद्योग.

आमचा संघ कापूस खरेदी करणारा. मुख्य कचेरी अमरावतीला आणि अमरावती-अकोला मिळून अकरा खरेदी केंद्रं. केंद्र म्हणजे एखाद्या जिनिंग फॅक्टरीचं आवार, एक मोठा काटा, कापसाची प्रत ठरवणारा एक ग्रेडर, एक केंद्रप्रमुख आणि फाटकाबाहेर बंड्यांची रांग. बंडी म्हणजे बैलगाडी, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. भरलेली बंडी काट्यावर चढते, वजन होतं, कापूस गंजीवर रिकामा होतो, रिकामी बंडी पुन्हा काट्यावर येते आणि पावती हातात पडते. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. त्या वीस मिनिटांसाठी कास्तकार फाटकाबाहेर चार-चार, पाच-पाच दिवस काढत. बैलांची वैरण बंडीखाली, माणसाची भाकर बंडीवर.

ती वर्षं वऱ्हाडाची वाईट होती. कापसाला भाव नव्हता, आणि पेपरात रोज जे छापून येई ते सकाळच्या चहाबरोबर वाचवत नसे. मुंबईहून, दिल्लीहून पाहणी करायला गाड्या येत. येणारा प्रत्येक जण काही ना काही उपाय घेऊन येई. अशाच एका बैठकीहून आमचे अध्यक्ष भाऊसाहेब परतले ते एक शब्द घेऊन. मला बोलावून म्हणाले, "मॅडम, आपल्याले वेब सर्व्हिस कराची हाये. दिवाळीच्या आंदी."

"कशासाठी?" मी विचारलं.

"ते तुमी पाहा. मी तिथं हो म्हणून आलो."

वेब सर्व्हिस म्हणजे काय, हे मला पुढे इतक्या वेळा सांगावं लागलं की सांगणं पाठ झालं. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते. तुम्ही विचारता, अचलपूर गाडी कधी? आतला माणूस सांगतो, साडेदहा. त्याच्या मागे कोणती वह्या-रजिस्टरं आहेत याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसतं. ठरलेला प्रश्न, ठरलेलं उत्तर. माणसाच्या जागी दोन्हीकडे कॉम्प्युटर बसवला की झाली वेब सर्व्हिस. फरक एवढाच, की कॉम्प्युटर खिडकी सोडून पान खायला जात नाही. आमचा बेत असा होता: हिवरखेड केंद्राचा कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून अमरावतीच्या कॉम्प्युटरला विचारेल, एक्केचाळीस नंबर कोणाचा? अमरावती सांगेल, अमक्याचा. तो माणूस हजर असला की काटा वजन घेईल. म्हणजे कोणी मधे घुसणार नाही आणि कोणाचा वशिला चालणार नाही.

अशा खिडक्या उभ्या करायला एक पाया लागतो, त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. तो दोन प्रकारे मिळे. एक, कंपनीकडून विकत. दुसरा फुकट. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला, आतलं सगळं उघडं, हवं तर बदला. पहिल्याचा दूत पुण्याहून आला, श्री. केळकर. दुसऱ्याचे पुरस्कर्ते होते अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवणारे इंगळे सर. केळकरांच्या गळ्यात टाय होता आणि इंगळे सरांच्या खांद्याला शबनम. सप्टेंबरच्या उकाड्यात दोघंही सारखेच घामाघूम झाले होते.

भांडण इथे व्हायला हवं होतं, पण ते झालं आमच्या खरेदी विभागातल्या वानखडेबाबूंच्या टेबलावर. वानखडे नियमाबाहेर शिंकतही नसत. कोणतीही वस्तू घ्यायची तर तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, आणि कोटेशनच्या दोन टक्के अनामत. इंगळे सरांनी कोटेशन दिलं, त्यात रक्कम लिहिली शून्य.

"सर, रकाना रिकामा ठेवता येत नाही," वानखडे म्हणाले.

"रिकामा नाही. शून्य लिहिलंय."

"शून्य म्हंजे रिकामाच. बरं, ह्याची अनामत?"

"शून्याचे दोन टक्के," सर शांतपणे म्हणाले.

वानखड्यांनी खरोखरच कॅल्क्युलेटर ओढला, गुणाकार केला आणि उत्तर पाहून नाराज झाले. मग म्हणाले, "फुकट वस्तू म्हंजे भेट झाली. भेट घ्यायची तर संचालक मंडळाचा ठराव लागते. अन् फुकटाचेही तीन कोटेशन लागतीन, नाई तं ऑडिट म्हणीन, यायलेच काहून घेतलं?" इंगळे सर मानी माणूस. त्यांनी आपल्याच कॉलेजातल्या दोन सहकाऱ्यांना कोटेशनं द्यायला लावली. दोघांनीही शून्यच लिहिलं. आता तिघंही सर्वांत स्वस्त ठरले. असा प्रसंग आला तर चिठ्ठ्या टाकाव्यात असा नियम होता. वानखड्यांनी शिपायाच्या हातून चिठ्ठी उचलून घेतली आणि इंगळे सरांचं फुकट हे अधिकृत फुकट ठरलं. त्या दिवशी मी इतकी हसले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वानखड्यांनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

मग संचालकांसमोर दोघांचं सादरीकरण झालं. केळकरांनी रंगीत चित्रं दाखवली. आमचे एक संचालक होते बाबाराव, हिवरखेडकडचे, स्वतः कापूस पिकवणारे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बंद पडलं तं?"

केळकर म्हणाले, "चोवीस तास हेल्पलाइन आहे. आपण फोन करायचा, आपल्याला तक्रार क्रमांक मिळेल."

बाबारावांनी मान डोलावली. तक्रार क्रमांक ही त्यांना ओळखीची गोष्ट होती. मग ते इंगळे सरांकडे वळले. "अन् तुमचं बंद पडलं तं?"

"आतलं सगळं आपल्याच हातात असतं. आपण दुरुस्त करायचं. अडलं तर जगभरातले लोक मदत करतात."

"कोनते लोक?"

"कोणीही. ज्यांनी लिहिलंय ते."

"त्याईचा पत्ता?"

सरांकडे पत्ता नव्हता. भाऊसाहेब म्हणाले, "म्हंजे उद्या बोंब झाली तं कॉलर कोनाची धराची?" संचालक हसले आणि निकाल तिथेच लागला.

पण कागदोपत्री शिफारस माझी होती, आणि इथे मला खरं बोललं पाहिजे. मी आठ दिवस दोन्ही सॉफ्टवेअरं चालवून पाहिली होती. आमच्या कामाला सरांचंच बरं होतं, कारण आमचं काम दर केंद्रावर वेगळं चाले आणि ते आतून बदलता येणं गरजेचं होतं. हे मला कळत होतं. पण शिफारशीच्या नमुन्यात शेवटचा रकाना होता, 'बिघाडास जबाबदार व्यक्ती'. कंपनीचं घेतलं तर तिथे कंपनीचं नाव येणार होतं. सरांचं घेतलं तर माझं. मी कंपनीची शिफारस केली. सरांना फोन करून सांगायचंही धाडस झालं नाही, पत्र पाठवलं.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. कंपनीचं सॉफ्टवेअर वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्या काळी निम्मा दिवस वीज नसे, फोनची तार वाऱ्यानं पडे, तरी ते पडून पुन्हा उठे. नंबर छापील मिळत. मात्र नंबर पुकारला आणि माणूस हजर नसला तर तो बाद. मग रांगेच्या शेवटी नवा नंबर. त्यामुळे नंबर घेऊन घरी कोणी जाईना. रांग होती तेवढीच राहिली.

पंधरा दिवसांत हिवरखेडहून गफ्फारभाईंचा फोन आला. गफ्फारभाई तिथले केंद्रप्रमुख. बावीस वर्षं ते त्या फाटकात उभे होते आणि पंचक्रोशीत त्यांच्या काट्याबद्दल कोणी वावगा शब्द काढलेला नव्हता. ते म्हणाले, "मॅडम, एक बार येऊन जा. तुमची मशीन मानूस वळखते, पन मानसाची अडचन नाई वळखत."

मी एसटीनं अकोला आणि तिथून हिवरखेड गाठलं. काट्याजवळ शंभरभर माणसं गोळा झाली होती, पण आरडाओरडा नव्हता. मधे एक बाई उभ्या होत्या, वत्सलाबाई. नंबर दोनशे बारा. मालक घरी अंथरुणाला खिळलेले, म्हणून बंडी स्वतः हाकत आणलेली, पाच दिवसांपासून रांगेत. सकाळी समोरच्या हॉटेलातल्या फोनवर निरोप आला होता की मुलीला अकोल्याच्या दवाखान्यात नेलंय, पहिलं बाळंतपण आहे, अडलंय, आणि ती आईचं नाव घेतेय.

गफ्फारभाईंनी मला रांगेचा रिवाज समजावला. मी अमरावतीत बसून नंबरांचा प्रोग्राम आखला तेव्हा हा रिवाज मला कोणी सांगितला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता. कोणाला अडचण आली तर तो रांगेत सांगतो. पुढचा कोणी तरी त्याला आपला नंबर देतो आणि त्याचा मागचा नंबर स्वतः घेतो. रांग लांबत नाही, बाकी कोणाचं काही जात नाही. गफ्फारभाई आपल्या वहीत दोन नावांना जोडणारी एक रेघ मारत आणि विषय संपे. बावीस वर्षांत त्या रेघेवरून भांडण झालं नव्हतं. आजही एक्केचाळीस नंबरचे नामदेवराव नंबर द्यायला तयार होते. नामदेवराव म्हणजे पांढऱ्या भरघोस मिशांचे, कोणाशी गोड न बोलणारे गृहस्थ. मला म्हणाले, "मले काय घाई हाये बाई? घरी वाट पाहाले कोनी नाई. घेऊ द्या तिले."

पण काट्याचा कॉम्प्युटर घेऊ देत नव्हता. एक्केचाळीसला वत्सलाबाईंचं नाव टाकलं की पडद्यावर लाल अक्षरं: अवैध व्यवहार.

मी हॉटेलातून हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात तक्रार क्रमांक दिला. मी विचारलं, किती वेळ लागेल? ती म्हणाली, ही तक्रार नसून बदलाची मागणी आहे, तिचा वेगळा अर्ज आहे, सात ते दहा कामकाजाचे दिवस लागतील. मी म्हटलं, अहो, इथे बाळंतपण आहे. ती म्हणाली, "मॅडम, तातडीच्या यादीत तो पर्याय नाहीये." तिचीही काही चूक नव्हती. तिला दिलेल्या यादीत बाळंतपण कोणी लिहिलंच नव्हतं.

परत आले तर गफ्फारभाईंनी माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमी जरा बाहेर बसून चा घ्या. दहा-पंधरा मिन्टं."

"मी आत्ताच घेतला."

"आनखी एक घ्या."

मी चहाला गेले. बाकड्यावर पाठ फिरवून बसले. तरी मागून ऐकू आलंच. गफ्फारभाईंनी खणखणीत आवाजात पुकारा केला, "एक्केचाळीस, नामदेवराव!" आणि वत्सलाबाईंचा बारीक आवाज आला, "हाव, हजर." काट्यानं वजन घेतलं. कॉम्प्युटर खूश. बाई रिकामी बंडी रांगेतल्यांच्या हवाली करून दुपारच्या एसटीनं अकोल्याला पोचल्या. मुलगी सुखरूप, नात झाली. पुढे तीन दिवसांनी दोनशे बारावर गफ्फारभाईंनी "वत्सलाबाई" असं पुकारलं तेव्हा नामदेवराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "हाव, हजर." पावत्या त्यांनी आपसांत बदलून घेतल्या.

मला वाटलं, एकदा झालं, संपलं. पण रांगेला युक्ती सापडली होती. कोणाच्या घरी लग्न, कोणाचा बैल लंगडा, कोणाचा पोरगा परीक्षेला. हंगाम रंगात आला तसं हिवरखेडच्या काट्यावर कोण कोणाच्या नावानं उभा आहे याचा पत्ता फक्त गफ्फारभाईंना आणि रांगेला असे. कॉम्प्युटरला सगळं आलबेल दिसत होतं. बाकीच्या केंद्रांवर नंबरावरून तक्रारी, भांडणं, बाद नंबरांचे ढीग. हिवरखेडला तक्रार शून्य, बाद शून्य.

शून्य पाहून केळकर जानेवारीत मुद्दाम हिवरखेडला आले. आमचं हे केंद्र त्यांना आदर्श म्हणून आपल्या पुस्तिकेत छापायचं होतं. मला सोबत जावं लागलं. केळकर कॉम्प्युटरशेजारी उभे राहिले. पडद्यावर नाव उमटलं, मंगलाबाई. बंडीवर बसले होते सत्तरीचे एक फेटेवाले आजोबा.

केळकरांनी विचारलं, "मंगलाबाई कुठे आहेत?"

"मीच," आजोबा सवयीनं म्हणाले.

गफ्फारभाई पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, वावर सुनेच्या नावावर हाये त्याईच्या. सून मंगला. मीच आनला कापूस, असं म्हनाचं हाये बाबाले."

केळकर भारावले. त्यांनी आजोबांशी हस्तांदोलन केलं, फोटो काढला, आणि पुस्तिकेत ओळ छापली की या प्रणालीमुळे ग्रामीण भागात जमिनीवरील महिलांचा हक्क अधोरेखित झाला. आजोबांना सून नव्हती. मुलगाच नव्हता, चार मुलीच होत्या.

हे आज लिहिताना मला हसू येतं, तेव्हा आलं नाही. कारण उघडकीला आलं असतं तर नोकरी माझी नव्हे, गफ्फारभाईंची गेली असती. काट्यावर खोटं नाव पुकारणं म्हणजे सरळ निलंबन. निवृत्तीला त्यांना चार वर्षं उरली होती. त्यांना वाचवायचं तर मी गप्प राहायला हवं होतं. आणि मी गप्प राहिले तर पुढच्या वर्षीही तेच सॉफ्टवेअर, तेच खोटं. मी स्वतःला समजावलं की मी त्यांच्यासाठी गप्प आहे. तसं समजावणं मला सोयीचं होतं.

पावसाळ्यात संचालकांची बैठक लागली. विषय एक: कंपनीशी पुढील तीन वर्षांचा करार. विषय दोन: आदर्श केंद्रप्रमुख म्हणून गफ्फारभाईंचा सत्कार. वानखड्यांनी सत्कार आधी घेतला, कारण नारळाचं बिल त्याच दिवशीच्या तारखेत बसवायचं होतं. केळकर टाय लावून आलेले. इंगळे सरांना भाऊसाहेबांनी कशाला बोलावलं होतं कोण जाणे, पण तेही कोपऱ्यात होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

भाऊसाहेबांनी गफ्फारभाईंच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. गफ्फारभाईंनी शाल काढली, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"साहेब, हे मले नाई घेता येत," ते म्हणाले. "पूरा सीझन मी काट्यावर झूठे नाव पुकारले. कोनाचा कापूस कोनाच्या नावानं मोजला. वजन तोळाभरही खोटं नाई, पन नाव खोटे. ज्याले अडचन होती त्याले पुढं घेतलं. जे सजा द्याची ते द्या, पन त्याच्यासाठी शाल नोका देऊ."

केळकर म्हणाले, "धिस इज फ्रॉड. हे कळवावं लागेल." वानखड्यांनी नियमावलीचं निलंबनाचं पान काढलं. त्यांना ते शोधावं लागलं नाही.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "पहिल्या दिवशी मी तिथे हजर होते. मला ठाऊक होतं. मी पाठ फिरवून चहा पीत बसले. निलंबन करायचं तर माझ्यापासून करा."

मग बाबाराव खाकरले. "आता निघालंच हाये तं सांगतो. माहा कापूस तिथं दुसऱ्याच्याच नावानं गेला. माह्या साल्याचं लग्न होतं." पलीकडचे एक संचालक म्हणाले की त्यांची बंडीही अशीच गेली, कोणाच्या नावानं ते आता आठवत नाही. सगळे भाऊसाहेबांकडे पाहू लागले. भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "माहा गडी गेला होता," ते म्हणाले. "कोन्या तरी बाईच्या नंबरावर. मले वाटलं, मलेच माहीत हाये."

वानखड्यांनी नियमावली हळूच मिटली. अर्धं संचालक मंडळ निलंबित करायची तरतूद तिच्यात नव्हती.

"म्हंजे," भाऊसाहेब म्हणाले, "एवढं महागाचं यंत्र आनलं अन् सालभर साऱ्या गावानं त्याच्याशी खोटं बोलत बसाचं. केळकर, हे अदलाबदलीचं तुमच्यात बसवून देता येते का?"

केळकर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत विचार होऊ शकेल, मात्र हमी देता येणार नाही.

"इंगळे, तुमच्यात?"

"दोन दिवस," सर म्हणाले.

"अन् कॉलर कोनाची?"

सर जगभरातल्या लोकांचं नाव घेणार होते. त्याच्या आत मी म्हटलं, "माझी." आणि तिथेच शिफारशीचा नवा कागद ओढून शेवटच्या रकान्यात नाव लिहिलं. घाईत अक्षर फार वाईट आलं. तो कागद संघाच्या दप्तरात अजून असेल.

गफ्फारभाईंना शेवटी दोन पत्रं गेली, एक सत्काराचं आणि एक सक्त ताकिदीचं, लागोपाठच्या जावक क्रमांकांनी.

फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं म्हणजे सुख लागलं असं कोणी समजू नये. पहिल्याच महिन्यात ते अशा वेळी बंद पडलं की इंगळे सर चिखलदऱ्याला पाहुण्यांना घेऊन गेलेले आणि फोन लागेना. मी हात जोडून जगभरातल्या लोकांना प्रश्न टाकला. तासाभरात ब्राझीलच्या एका गृहस्थानं उत्तर पाठवलं, त्यानं काम झालं. संचालकांना सांगितलं तर बाबाराव म्हणाले, "त्या मानसाले काय द्याचं?" मी म्हटलं, काही नाही, आभार मानायचे. वानखड्यांनी संघाच्या लेटरहेडवर मराठीत रीतसर आभारपत्र टाइप केलं, शिक्का मारला आणि मग पत्त्याच्या जागेवर अडून माझ्याकडे आले. शेवटी मी ते स्कॅन करून पाठवलं. त्याला काय कळलं असेल ते तोच जाणे.

हिवरखेडला नवं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या दिवशी मी स्वतः गेले. पडद्यावर आता एक बटण होतं, अदलाबदल. दोन नंबर टाकायचे, दोघांची संमती घ्यायची आणि कारण लिहायचं. कारणाचा रकाना मीच घातला होता, रिकामा सोडला तर पुढे जाता येत नसे. पहिलीच अदलाबदल दुपारी आली. एका जवान कास्तकाराची आई तापानं फणफणली होती, त्याला पुढचा नंबर हवा होता, देणारा देत होता.

गफ्फारभाईंनी दोन्ही नंबर टाकले आणि थांबले. पडद्याकडेच बघत मला म्हणाले, "मॅडम, खोटं बोलाची मले आदत नव्हती. तेवीस साल ह्या फाटकात उभा हावो. मागचा पूरा सीझन रोज बोललो. संध्याकाळी नमाजले उभा राहिलो का तेच आठवे." मग म्हणाले, "तवाच तुमी ते सही केली असती तं..." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. शेजारच्या पोत्यावर मी बसून राहिले.

त्यांनीच मग विषय पुढे नेला. कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "इथं काय लिहू?"

"खरं असेल ते लिहा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा चढवला आणि उजव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहायला घेतलं. 'म्हातारीला ताप' एवढं लिहायला त्यांना बरीच मिनिटं लागली. मागे बंड्या थांबल्या होत्या. कोणी घाई केली नाही.